सुखदेव काकांनी दाखवलेला चौक

मला ट्रॅफिक शिकवणारा माणूस आज सकाळी गेला.

उभ्या जन्मात कॉम्प्युटर न चालवलेला माणूस.

सुखदेव काका. किन्हीराजाचे, बाबांचे मित्र. एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर.

एम.टेक.ला माझा प्रोजेक्ट होता आमच्या वाशिमजवळच्या मालेगावच्या चौकाचं सिम्युलेशन. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये तसाच चौक उभा करायचा, त्यात गाड्या, रस्ता ओलांडणारी पोरं सोडायची आणि कोंडी का होते ते शोधायचं.

माझ्या चौकात कोंडी व्हायचीच नाही.

बाहेर शाळा सुटली की पोरं रस्त्याच्या मधोमध अडकलेली. आणि माझ्या स्क्रीनवर सगळं शिस्तीत.

गाईड म्हणाले, विषय बदल.

त्याच आठवड्यात काका घरी आले. स्क्रीनकडे बराच वेळ बघत बसले.

"पोरी, ह्या गाड्याइले डोये नाई काय?"

"म्हणजे?"

"कोनीच कोनाकडं पाहून नाई राह्यलं. आपल्या इथं असं कोन चालवते?"

दुसऱ्या दिवशी मला घेऊन चौकात बसले, एका मेडिकलच्या पायरीवर.

"तो ट्रॅक्टर थांबते."

थांबला.

"हे मोटारसायकल घुसते, पाह्य."

घुसली.

त्यांचं किती चुकतं ते मी वहीत लिहीत होते. थोड्या वेळाने वही मिटली आणि नुसती त्यांच्याकडे बघत राहिले.

"काका, तुमाले कसं कळते?"

"पुढचं चाक पाह्य ना. जरासं वयलं, तिरपं झालं का समजाचं, हा घुसते. अन् ज्याच्या मांगं बाई-लेकरू बसेल हाय, तो आदी थांबते."

तीन दिवस बसलो आम्ही. मग ते सगळं मी प्रोग्रॅममध्ये टाकलं. आता प्रत्येक गाडी दुसरीच्या पुढच्या चाकाकडे बघून ठरवणार होती.

काकांना समोर बसवून रन केलं.

आणि रिक्षा स्टॉपच्या कोपऱ्यावर कोंडी झाली. जिथे रोज होते, तिथेच. शेपूट वाशिम रोडकडे. मी कोंडीची एक ओळही लिहिलेली नव्हती!



काका खुर्चीतून उठले. "अरे बाप्पा... हे तं आपलं मालेगाव हाय!"

मग काचेवर बोट ठेवून म्हणाले, "हे रिक्षे जरासे पुढं नेऊन पाह्य."

नेले. कोपरा मोकळा झाला.

काका हळूच म्हणाले, "मले किती वर्सापासून वाटे. पन लोकाइले दाखवाचं कसं?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी रिक्षावाल्यांना आमच्या घरी आणलं. "तिकडं ऊन लय लागते" म्हणून खूप वाद झाला. काकांनी स्क्रीनवर अडकलेली पोरं दाखवली. "ह्याच्यात तुमचेच लेकरं हायेत ना बे?"

स्टॉप पुढे गेला. पोरं आता रस्ता एका दमात ओलांडतात.

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला होता. "पोहरादेवीच्या यात्रेचं बी असं करता येते काय? तिथं मानसाइचे पाय पाहा लागतीन."

जाऊ म्हणाले होते मी. राहून गेलं.

यात्रेला मी जाईन. दिवसभर बसून पाय बघेन.

जय भीम, काका. सुखानं जा.