दोन्ही लाटा उभ्या

बेसिल परेराचा कुणावर विश्वास नाही. चहा आला की आधी वास घेतो, लिफ्टमध्ये शिरताना वर बघतो, आणि मी नुसतं "गुड मॉर्निंग" म्हटलं तरी विचारतो, "का गं, काय झालं?" बावीस वर्षं मी हे सहन करतेय. विक्रोळीला एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा आहे. आम्ही इन्व्हर्टरचे मोठे पॅनल बनवतो, दवाखान्यांसाठी वगैरे. मी डिस्पॅच आणि पत्रव्यवहार बघते, बेसिल टेस्टिंग बघतो, आणि आमच्या दोघांच्या डोक्यावर मालक सुबोध सर.

बेसिलने आपलं टेबल खिडकीकडे नाही, दाराकडे तोंड करून लावलंय. कोण आलं-गेलं ते दिसायला हवं ना. त्यावर त्याचा ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारं मशीन, जुना, ॲनालॉग, हिरव्या रेघेचा. सरांनी हौसेने डिजिटल आणला तो कपाटावर धूळ खातोय. "तो चित्र काढून दाखवतो गं," बेसिल म्हणतो. "हा आहे ते दाखवतो." रोज संध्याकाळी तो स्कोपवर कापडी खोळ घालतो, त्याच्या बायकोने, ल्युसीने शिवलेली. नाडीला स्वतःची अशी एक गाठ मारतो, दुसऱ्या कुणी सोडली तर सकाळी कळावं म्हणून. फिरवायच्या प्रत्येक बटणावर ल्युसीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. एखादा ठिपका जागेवर नसला की त्या दिवशी शिपायापासून मालकापर्यंत सगळ्यांची चौकशी होते.

जूनमध्ये निधी लागली. घाटकोपरची, डिप्लोमा केलेली, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. पहिल्याच दिवशी बेसिलने तिला स्कोपसमोर बसवलं. माझं टेबल शेजारीच, त्यामुळे मलाही फुकटात शिकवणी.

"बघ, वेव्ह पळते. का पळते? कारण रेघ कुठून सुरू करायची ते मशीनला माहीत नाही. दर वेळी भलत्याच जागेवरून सुरू करतं. ट्रिगर म्हणजे त्याला सांगायचं, वेव्ह चढताना ह्या उंचीला आली की मगच सुरू कर. मग प्रत्येक रेघ आधीच्या रेघेवर बसते, चित्र उभं राहतं. आधी सोर्स लाव, म्हणजे कोणाच्या तालावर चालायचं ते. मग स्लोप, चढताना की उतरताना. मग लेव्हल. लेव्हल वेव्हच्या डोक्यावरून गेली, की परत पळाली."

"आणि दोन वेव्ह असल्या की?" निधीने विचारलं.

"वरची मेन्सची, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाइटची, खालची आपल्या पॅनलची. सोर्स कायम वरच्यावर. ती उभी राहणारच. तिच्याबरोबर खालची पण उभी राहिली, तर दोघींची पावलं जुळली, पॅनल पास. खालची सरकत राहिली तर फेल. असा पॅनल बाहेर गेला ना, तर गेलेली लाइट परत येताना दोघींची टक्कर होणार." मग बोट वर करून म्हणाला, "आणि माझ्या सेटिंगला हात लावायचा नाही. प्रोबची वायर लाव, बघ, लिही. बस."

निधीने मान डोलावली. मला ती पोरगी तेव्हाच फार शहाणी वाटली, म्हणजे चांगल्या अर्थाने नाही. जेवताना मोबाइलमध्ये तोंड, विचारल्याशिवाय एक शब्द नाही. अशा गप्प माणसांच्या पोटात काय असतं कोण जाणे.

दसऱ्याला गाळ्यात मशीनची पूजा झाली. दुसऱ्याच दिवशी बेसिलचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून तो पंधरा दिवस मरोळला घरी बसला. तेवढ्यात निधीने एकटीने चार पॅनल तपासले आणि चारही पास केले. तो परत आला त्याच सकाळी मुलुंडच्या एका नर्सिंग होममधून फोन आला. लाइट गेली होती, परत आली तेव्हा आमच्या पॅनलमध्ये धाडकन आवाज होऊन सगळा अंधार झाला. आत एका बाईचं ऑपरेशन चालू होतं. डॉक्टरांनी टॉर्चच्या उजेडात टाके घातले. ती बाई वाचली. मी फोन ठेवला आणि त्या पॅनलची फाइल काढली.

रिपोर्टवर निधीची सही होती.

बेसिलने काळा चष्मा कपाळावर चढवला आणि खोळीची गाठ बघितली. "माझी नाही." खोळ काढली, एकेक ठिपका तपासला. सगळे जागच्या जागी. मग तो वाकला आणि कोपऱ्यातलं एक बारीक दाबायचं बटण बघून तसाच थांबला.

"हे आत आहे, सुलक्षणा."

"मग?"

"हे दाबलं की दोघींना आपापला ट्रिगर मिळतो. मग पावलं जुळोत न जुळोत, दोघी उभ्या दिसतात. दिसायला झकास, पण सगळं खोटं." त्याने आवाज खाली आणला. "खालची उभी राहत नसणार. हिने बटण दाबलं, ती राहिली, हिने ओके लिहिलं."

मला एका क्षणात पटलं. खरं तर पटवून घ्यायला मी टपूनच बसले होते.

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "मी कशालाही हात लावला नाही," ती म्हणाली. "बेसिल सरांनीच सांगितलं होतं, हात लावायचा नाही."

"पकडले गेले की सगळे असंच बोलतात," बेसिल म्हणाला.

सरांनी बाकीचे तीन पॅनल परत मागवले आणि मला पत्र टाइप करायला सांगितलं. कामातील गंभीर हलगर्जीपणामुळे कुमारी निधी यांना उद्यापासून कमी करण्यात येत आहे, असं. त्या दुपारी निधीने डबा उघडलाच नाही. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "ताई, तुम्ही रोज इथेच बसता ना. मी कधी काही दाबताना बघितलंत का?"

बघितलं नव्हतं. पण मी म्हटलं, "सर बघतील काय ते."

तिच्या त्या प्रश्नाने बेसिल मात्र बेचैन झाला. त्याला आता पक्का पुरावा हवा होता. "दसऱ्याला तू व्हिडिओ काढलेलास ना? दाखव. त्यात बटण बाहेर दिसलं की विषय संपला."

मी मोबाइल काढला. झेंडूची माळ घातलेला स्कोप, समोर नारळ, आरती चाललेली. शोभेला म्हणून पडद्यावर दोन लाटा सोडलेल्या, वरची मेन्सची, खालची टेस्टिंगच्या छोट्या सिग्नल जनरेटरमधून. वरची उभी, खालची हळूहळू सरकतेय. मग माझाच आवाज, "ए मेल्या, ती खालची कशी पळतेय बघ, व्हिडिओची वाट लागते. थांबव ना तिला!" आणि बेसिलचा हात पुढे येतो. दोन्ही लाटा उभ्या. कोणीतरी टाळ्या वाजवतं.

बेसिलने तो व्हिडिओ तीनदा बघितला. मला अजूनही काही कळलं नव्हतं. शेवटी त्याने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"मीच दाबलं."

"काय?"

"तेच बटण. आरती झाली, प्रसाद घेतला, खोळ घातली, घरी गेलो. त्याला ठिपका नाही गं. फिरतच नाही तर ठिपका कुठे लावणार?"

मी इकडेतिकडे बघितलं. सर केबिनमध्ये होते, निधी पाठमोरी. मी हळूच म्हटलं, "कुणाला कळणार आहे? डिलीट करते." आज हे लिहायला लाज वाटते, पण मी म्हटलं होतं.

बेसिलने माझ्याकडे असं बघितलं, जसं चहाच्या कपाकडे बघतो. "पत्र टाइप झालंय ना? तसंच ठेव. नाव बदल."

मग त्याने निधीला हाक मारली आणि मोबाइल तिच्या हातात दिला. तिने शेवटपर्यंत बघितलं.

"हात लावू नको असं मी सांगितलं, तू लावला नाहीस," बेसिल म्हणाला. "लावला मी. माझी चूक, आणि तुला चोर ठरवलं ती त्याहून मोठी."

"एकदा विचारायचं तरी, सर," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंच नाही. सरळ ठरवून टाकलंत."

बेसिलने सरांनाही व्हिडिओ दाखवला; सरांनी निधीच्या आणि बेसिलच्या नावाची दोन्ही पत्रं फाडली. बेसिल स्वतः मुलुंडला जाऊन डॉक्टरांसमोर सगळं कबूल करून आला. निधी डिसेंबरात कायम झाली. आता रोज सकाळी खोळ तीच काढते. बेसिल मागे हात बांधून उभा राहतो. ती ठिपके बघते, मग दाबायचं प्रत्येक बटण बोटाने चाचपते आणि विचारते, "काल शेवटी कोणी हात लावला होता?"

"मी."

"मग जरा बाजूला व्हा."

तो निमूटपणे बाजूला होतो. त्याला ते आवडतं असा मला संशय आहे.

व्हिडिओत "थांबव ना तिला" म्हणणारा आवाज माझा आहे, तो तिघांनीही ऐकला, पण मला कुणी काही विचारलं नाही. निधीला मी अजून सॉरी म्हटलेलं नाही. रोज म्हणायचं ठरवते. पूर्वी ती मला ताई म्हणायची, आता मॅडम म्हणते.