उभ्या व्हॅनची बॅटरी कोण खातंय?

मंडळी, आज माझीच मला लाज वाटून राह्यली.

भोकरदनला घरासमोर आमची फिरायची व्हॅन उभी असते. आत पलंग, पंखा अन् त्यासाठी वेगळी बॅटरी. महिन्यात तीनदा ती उभ्या उभ्या उतरली. माझा बिलकुल पक्का संशय शेजारच्या रावसाहेबकाकांवर. लाइट नसली तरी यांचा फवारणीचा पंप चार्ज कसा? व्हॅनचं मागचं दार नीट लागत न्हाई, हे त्यांना ठाऊक. परवा बॅटरी भरून आणली अन् दाराला नवं कुलूपच ठोकलं.

आज दुपारी खिडकीतून पाळत ठेवली. काका आले अन् व्हॅनच्या पत्र्याला कान लावला! मी पळतच बाहेर.

"काय करून राह्यले, काका?"

"आत काहीतरी घूं घूं वाजतंय. दोन दिवस झाले, तुला सांगावं म्हणलं."

व्हॅनमधलं कपाट उघडलं तर इन्व्हर्टर चालूच. मागच्या ट्रिपला आईनं तिथं देव मांडले, त्यांच्यासमोर लाल बल्ब, तोच रात्रंदिवस बॅटरी खात होता. आई म्हणाली, "देवाचा दिवा कुणी बंद करतं का?"

जाता जाता काकांनी कुलपाला हात लावला. "हे माझ्यासाठीच ना?"

माझ्या जागी तुम्ही काय बोलले असते?