छायाची हळद

अक्का कुठल्याही लग्नघरी गेल्या की आधी नावं विचारायच्या. नवरीचं, मामाचं, मामीचं, रुसून बसलेल्या पाहुण्याचंही. हातात चहाचा कप आणि तोंडाने चौकशी. नावं डोक्यात बसली की हळदीच्या पाटाजवळ मांडी घालून गाणं सुरू. चाल जुनी, शब्द त्या घरचे. म्हणून एका घरचं गाणं दुसऱ्या घरी कधी ऐकू आलं नाही. "ज्याना घर गावानं, त्यानंच नाव लेवानं," असं त्या म्हणायच्या.

साक्रीकडच्या खेड्यात त्यांचं घर, माझ्या आईच्या माहेराला लागून. एकदा तिथल्या लग्नात नवरीचा काका मानपानावरून रुसला आणि ऐन हळदीच्या वेळी पारावर जाऊन बसला. अक्कांनी त्याला निरोप धाडला नाही. आवाज चढवून त्याला गाण्यातच घेतलं: काकाला पाराचा दगड गोड लागला, आता ही हळद दगडालाच लावा. बायका हसून हसून लोळायला लागल्या. थोड्या वेळाने काका आला, कपाळ पुढे केलं आणि म्हणाला, पुरे आता.

माझाही धंदा गाण्यांचाच. धुळ्याला देवपुरात माझा स्टुडिओ आहे. एका खोलीला स्टुडिओ म्हणायचं, इतकंच. लग्नात वाजणारी अहिराणी गाणी आम्ही करतो. आधी ठेका, मग चाल, आणि शब्द सगळ्यात शेवटी, तेही गायक माइकसमोर उभा राहिल्यावर. नाचताना शब्द ऐकतो कोण? गाणं एक लग्नसराई चाललं की पुरे. पुढच्या वर्षी तेच लावा म्हटलं तर डीजेवाला तोंड वाकडं करतो. यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, मजाच वाटायची.

अशाच एका लग्नसराईच्या तोंडावर मला गाण्यात घालायला जुन्या आवाजाचा तुकडा हवा होता, म्हणून मी अक्कांना स्टुडिओत आणलं. त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि विचारलं, लग्न कोणाचं? कोणाचंच नाही, नुसतं गा, असं मी सांगितलं. नावाशिवाय त्यांना गाताच येईना. शेवटी मी माझ्या बहिणीचं, सुनंदाचं नाव पुढे केलं. मग काय विचारता! दुपार सरली तरी अक्का थांबेनात. माझं काम पहिल्या दोन ओळींतच झालं होतं. पण मशीनमध्ये गेलेलं राहतं, असं मीच त्यांना सांगून बसलो होतो.

निघताना त्या पुन्हा माइकपुढे बसल्या. त्यांची नात छाया तेव्हा शाळेत होती. म्हणाल्या, "छायानी हळद बी गाई ठेवस. तवय मी ऱ्हासू का नही." आणि त्यांनी छायाची हळद गायली. मामा, मामी, आत्या, छायाची मेलेली आईसुद्धा, सगळ्यांना नावानिशी घेतलं. मी मोबाइल बघत होतो.

त्या दोन ओळींना ठेका लावला, शेवटी माझ्या स्टुडिओचं नाव ओरडून घातलं आणि गाणं बाजारात सोडलं. त्या वर्षी धुळ्यापासून जळगावपर्यंत प्रत्येक नवरी सुनंदाच्या नावावर नाचली. अक्कांना कोणी बोलावलं नाही. त्यांचाच आवाज मांडवात असल्यावर त्यांना कोण बोलावणार? त्या एवढंच म्हणाल्या, "हाई सुनंदा कितला लगीन करस व माय?" मीही हसलो. पुढच्या सराईत ते गाणं कोणी लावलं नाही, आणि अक्कांना बोलवायची सवयही गावाला उरली नाही. माझी हार्डडिस्क भरली तेव्हा मी अक्कांची ती सगळी दुपार, छायाच्या हळदीसकट, पुसून टाकली. ज्या गाण्यासाठी जागा केली, त्याचा मुखडा आज मला आठवत नाही.

मग अक्कांच्या घशाचं ऑपरेशन झालं. बोलणं कुजबुजीवर आलं, सूर तर गेलाच. मला वाटलं, खचल्या असतील. भेटायला गेलो तर मलाच धीर देऊ लागल्या. "तुना मशीनमा बठ्ठं शे ना, दिनू? मंग माले कसानी काळजी?" सगळं पुसलंय, हे त्याच वेळी सांगायला हवं होतं.

गेल्या महिन्यात छायाची हळद होती. अक्कांनी डीजे येऊ दिला नाही. दिनू गाणं आणतोय, असं साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं. मी स्टुडिओतली प्रत्येक डिस्क उलथीपालथी केली आणि शेवटी मोबाइलवर तो एकच तुकडा आणि एक छोटा स्पीकर घेऊन गेलो. बायका पाटाभोवती बसल्या होत्या. अक्कांनी हाताने सगळ्यांना गप्प केलं. मी लावलं. सुनंदाचं नाव आलं, ठेका आला, माझ्या स्टुडिओचं नाव ओरडून झालं आणि संपलं.

अक्का स्पीकरवर हात ठेवून वाट बघत होत्या.

"मंग?" त्या कुजबुजल्या. "छायानं गानं?"

मी म्हणालो, "बॅटरी संपली, अक्का."

त्यांचा विश्वास लगेच बसला. बायकांना त्यांनी बसूनच राहायची खूण केली आणि छायाकडे बघून म्हणाल्या, "वायर आन व."

छाया हळदीच्या हातांनी चार्जर शोधायला उठली.