पासलीला, लेकीची ओटी भरायला

स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत हिरवी साडी, खण, नारळ आणि तांदूळ होते. मुग्धाला, माझ्या लेकीला, सातवा महिना लागला होता. तिच्या सासरी, पासलीला, डोहाळजेवण होतं. हे म्हणाले, बायकांचा कार्यक्रम, तूच जाऊन ये.

नसरापूर मागे पडलं आणि हवा गार झाली. भात कापून झालेली खाचरं, मधूनच पेंढ्याची उडवी (रचून ठेवलेला ढीग), पुढे तोरण्याचा काळसर कडा. लोक स्वेटर घालून बसलेले आणि मी घामाने निथळत खिडकी उघडत होते. शेजारच्या म्हातारीने पदर कानावर ओढून विचारलं, "बाई, थंडी वाजत न्हाई व्हय तुमाला?" मी नुसती हसले. पन्नाशी आली होती. पाच महिने पाळी नव्हती. ती संपलीच असं मी धरून चालले होते.

वेल्ह्याहून जीप मिळाली. पासलीत उतरताना साडी मागून ओली लागली. हात लावला आणि कळलं. शाल कमरेला गुंडाळून मी लेकीच्या दारात गेले.

विहीणबाईंनी पायांवर पाणी घातलं, पडवीत (घरापुढची झाकलेली जागा) नवी गोधडी अंथरली. मी बसेना. चहाही उभ्यानेच घेतला. आत नव्या तांदळाच्या खिरीचा वास सुटला होता. मुग्धाला पाटावर बसवून त्यांनी मला ओटी भरायला बोलावलं. मी म्हटलं, चक्कर येतेय, तुम्हीच भरा. जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. विहीणबाईंचा चेहरा उतरला.

मुग्धा उठली आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेली.

"आई, बसायला नको, ओटी भरायला नको. ही माणसं तुला एवढी हलकी वाटतात?"

तिचे डोळे भरून आले होते. मागोमाग विहीणबाई येऊन दारात उभ्या राहिल्या. दोघींपुढे मी शालीची गाठ सोडली. आजी व्हायच्या वयात हे असं. धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

विहीणबाईंनी दार लोटलं. "आदी सांगायचं न्हाई का? मला वाटलं, आमचं घर आवडलं न्हाई तुमाला." ट्रंकेतून त्यांनी आपली सुती साडी आणि घडीचं कापड काढून दिलं. मग हळूच म्हणाल्या, "माजं बी अजून थांबंना. मदीच येतंय. म्या बी कुनाला सांगत न्हाई."

मी विचारलं, मग ओटी? त्यांनी लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

"आई हायसा तुमी तिची. भरा. भाईर काय बोलू नका."

मी ओटी भरली. थोडे तांदूळ पाटाखाली सांडले. मुग्धाने मान वर केली नाही. नंतर खीर वाढली, ती मी गोधडीवर बसून खाल्ली.

परतीच्या गाडीत राहून राहून विहीणबाईंचा उतरलेला चेहरा आठवत होता. डाग झाकायच्या नादात मी त्यांच्या घराचा अपमान केला होता, आणि खरं बोलायला मला लेकीच्या डोळ्यांतलं पाणी बघावं लागलं.

ह्यांनी दार उघडलं. विहिणींनी साडी नेसवली वाटतं, म्हणाले. हो म्हणून मी आत जाणारच होते. पण थांबले, आणि ती का दिली ते सांगितलं. मग रात्रीचे घाम, उगाच येणारं रडू, लेक सासरी गेल्यापासूनचं सगळंच. सांगताना नजर वर होत नव्हती.

ह्यांनी टीव्ही बंद केला.