मुक्कामी गाडीचा सत्कार

गाडी हलवण्याआधी ड्रायव्हर मामा खिडकीतून अर्धे बाहेर वाकत, मागच्या रस्त्याकडे बघत आणि ओरडत, "कोण ऱ्हायलं का?"

हे काम खरं तर कंडक्टरचं. घंटी वाजली की ड्रायव्हरने निघायचं. पण आमच्या कळंब्याच्या सिटी बसची घंटी दोनदा वाजली तरी मामा हलत नसत. लांबून एखादी बाई पदर खोचून पळत येत असायची, एखादा म्हातारा छत्री उगारत यायचा. आतले लोक वैतागायचे. "मामा, सोडा की आता, हजेरी चुकायची माझी."

"आणि परवा तू पळत आलतास तवा? तवा कुणाची हजेरी चुकत हुती, तुझ्या सासऱ्याची?"

गाडी हसायची. हजेरीवालाही हसायचा. असा एखादा ड्रायव्हर तुमच्याही गावात असेल, म्हणून जास्त वर्णन करत नाही. जाड भिवया, कॉलरखाली घडी घातलेला रुमाल, आवाज तालमीतल्या वस्तादासारखा. नाव मी लिहीत नाही. ते एकदा छापून आलं, तेवढं पुरे झालं.

माझी उभं राहायची जागा त्यांच्या डावीकडे, इंजिनच्या बॉनेटजवळ. मी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका कचेरीत कारकून. माझा जेवणाचा डबा मामा हातातून काढून घेत आणि बॉनेटवर ठेवत. "गरम हुईल भाकरी. कचेरीत कोण गरम करून देणार हाय तुमास्नी?" दुपारी डबा उघडला की भाकरी कोमट असायची. कित्येक वर्षं मी ती भाकरी खाल्ली आहे.

त्यांचा कंडक्टर बाळू. तिशीतला, दोन मुलांचा बाप आणि अजूनही रोजंदारीवर. सकाळी डेपोत गेल्यावर कळायचं, आज काम आहे की नाही. मामा त्याला आपल्याच गाडीवर मागून घेत. "बाळ्या पर्मनंट झाला की ह्याच बॉनेटवर पेढ्यांचा पुडा ठेवणार मी," असं ते सगळ्या गाडीला सांगत. बाळू मागून ओरडायचा, "तवर पेढ्याला बुरशी लागंल, मामा!"

नव्वदच्या दशकात सिटी बसचा जो मोठा संप झाला, तो या बाळूसारख्या माणसांना कायम करा म्हणून झाला. आम्हाला ते ठाऊक होतं. ठाऊक असून आम्ही स्टॉपवर उभे राहून काय बोलत होतो, ते ऐका.

"ह्यास्नी काय जातंय? गाडी बंद, पोट चालू!"

"दावणीला बांधाय पायजे एकेकाला."

दूधवाला सायकलला कॅन अडकवून उभा होता. तो म्हणाला, "माझी म्हस संपावर गेली म्हंजे कळंल तुमास्नी. बिनदुधाचा च्या पीत बसशीला."

"तुझी म्हस काय करती ते सांगू नको. दुधात पाणी कोण घालतंय, म्हस?"

आमच्या भागातल्या नागरिक समितीचे अध्यक्ष तात्या पिठाच्या गिरणीचे मालक होते. त्यांचं एकच म्हणणं, जनतेला वेठीला धरणाऱ्यांना धडा शिकवला पाहिजे. मी त्या समितीचा सचिव. मी मान डोलवत होतो. आदल्याच वर्षी माझ्या कचेरीचा संप झाला होता. तेव्हा मी मोर्चात घोषणा दिल्या होत्या, आणि लोक आम्हाला कामचुकार म्हणतात याचं मला फार वाईट वाटलं होतं. आपला संप म्हणजे न्याय आणि दुसऱ्याचा म्हणजे माज, हे मी कोणत्या शाळेत शिकलो कोण जाणे.

संपाच्या त्या पहिल्या सकाळी दहावीचा पेपर होता. मुलं पॅड छातीशी धरून रडकुंडीला आली होती. आणि वळणावरून मामांची गाडी आली.

ती मुक्कामी गाडी. म्हणजे शेवटची फेरी कळंब्याच्या पुढच्या एका वाडीत संपायची, मामा आणि बाळू तिथल्या शाळेच्या ओट्यावर झोपायचे आणि सकाळी पहिली फेरी घेऊन शहरात यायचे. संपाचा निर्णय त्यांना वाडीतच कळला. गाडी तिथे बेवारशी कशी टाकायची? ती डेपोत लावायची आणि मग संपकऱ्यांच्या मांडवात जाऊन बसायचं, म्हणून दोघे निघाले होते.

हे मी आज तर्काने सांगत नाही. मामांनी ते स्टॉपवर सगळ्यांना ऐकवलं होतं. "गाडी डेपोत लावाय चाललोय. आमचा संप हाय. पर पोरं रस्त्यावर हायत म्हटल्यावर मोकळी गाडी कशी न्यायची? चढा की!" बाळूने तिकिटांची पेटी उघडलीच नाही. "आज आमी कामावर न्हाय, पावणं. तिकीट न्हाय." आणि गाडी हलवण्याआधी मामा वाकून ओरडलेच, "कोण ऱ्हायलं का?"

मुलांना शाळेच्या दारात सोडून, डेपोत गाडी लावून ते दोघे मांडवात जाऊन बसले.

संध्याकाळी तात्यांनी समिती बोलावली. "संपात गाडी काढली बघा पठ्ठ्यानं! सत्कार कराय पायजे."

मी म्हणालो, "तात्या, ते गाडी लावायला चालले होते."

"लावायला असू दे न्हायतर काढायला. रस्त्यावर गाडी दिसली का न्हाय? मग झालं तर."

मग मी नारळ आणायला सांगितलं. माझा विरोध एवढाच.

दुसऱ्या दिवशी मांडवातून मामांना बोलावून आणायला मीच गेलो. म्हणालो, मुलांच्या पालकांना तुम्हाला भेटायचं आहे. ते रुमाल झटकून उठले. "भेटू की. पेपर कसा गेला पोरांचा?" रस्ताभर ते हेच विचारत होते.

चौकात आल्यावर त्यांना फलक दिसला. संप झुगारून जनतेची सेवा करणारे, वगैरे. खाली त्यांचं नाव. ते जागीच थांबले. पण आपल्याकडे सत्कार हा पळून जाता येण्यासारखा प्रकार नसतो. मागून दोघांनी खांद्याला धरलं, पुढून एकाने फेटा बांधायला घेतला. फेटा बांधणाऱ्यापुढे माणूस मान हलवू शकत नाही. शाल आली, नारळ आला. तात्यांचं भाषण झालं, आणि मामांनी माईक जवळजवळ ओढूनच घेतला.

"मंडळी, गैरसमज हुतोय. मी संपातला..."

हलगीवाला माझ्याकडे बघत होता. कधी वाजवायचं ते मी सांगायचं, असं ठरलं होतं. मी हात वर केला.

कोल्हापुरात हलगी सुरू झाली की पुढचं भाषण संपलं. पोरं नाचायला लागली. मामांचे ओठ हलत होते, माईकच्या दांड्यावरची बोटं पांढरी झाली होती. फोटोवाल्याने त्याच वेळी फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तो आला तेव्हा उघड्या तोंडाचे मामा खळखळून हसल्यासारखे दिसत होते.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. वाटाघाटीत सिटी बसच्या साहेबांनी वर्तमानपत्राचा तोच अंक पुढे केला म्हणतात. तुमचेच ड्रायव्हर गाडी काढायला तयार आहेत, जनता त्यांचा सत्कार करते आहे. संप मोडला. रोजंदारीवरची काही माणसं कमी झाली, त्यांत बाळू. डेपोत मामांच्या शेजारी चहाला कोणी बसेना. ते सांगायला गेले की एकच प्रश्न यायचा, "फेटा बांधून घेताना तोंड शिवलं हुतं काय?"

सत्कारानंतर मामांनी "कोण ऱ्हायलं का?" विचारणं बंद केलं.

घंटी वाजली की गाडी सुटायची. पळत येणारी बाई धुरात उभी राहायची. आमच्याच समितीत तक्रार आली, ड्रायव्हर माजलाय, सत्काराची हवा डोक्यात गेली. तात्या म्हणाले, "खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात." मी सचिव होतो. तक्रार नोंदवून घेतली.

माझा डबा मात्र ते आधीसारखाच हातातून घेत आणि बॉनेटवर ठेवत. खडखडू नये म्हणून त्याच्याखाली एक घडी केलेलं कापड असायचं. मी नीट बघितलं, तर ती सत्काराची शाल. जरीचा काठ इंजिनच्या उष्णतेने काळा पडला होता. एकदा सगळं बळ एकवटून मी म्हणालो, "मामा, त्या दिवशी मी..."

"बाजूला सरका," ते म्हणाले. "आरसा दिसंना."

पुढे ते निवृत्त झाले. बॉनेटजवळ मी नंतरही उभा राहत असे, डबा हातात धरून.

मग काही वर्षांनी पुन्हा संप झाला. तोच स्टॉप, त्याच शिव्या, फक्त शिव्या देणाऱ्यांच्या हातात मोबाइल आले होते. मी एका वडाप जीपमध्ये चढलो. वडाप म्हणजे आमच्याकडची माणसं कोंबून नेणारी गाडी. मला पुढे जागा मिळाली. मागे कोणीतरी सांगत होतं, "मागच्या संपाला एक ड्रायव्हर हुता बघा. सगळ्यांच्या नाकावर टिच्चून गाडी काढलेली. तसली माणसं ऱ्हायली न्हाईत आता."

जीप चालवणाऱ्याने आरशात बघितलं. केस पिकले होते, तरी मी ओळखलं. बाळू.

"मामा कसे आहेत?" मी विचारलं.

"गेलं की. गेल्या दिवाळीच्या तोंडावर."

मागची माणसं एकेक करून उतरत गेली. माझा स्टॉप जवळ आला तेव्हा मी म्हणालो, "बाळू, ते बोलायला उठले होते. संपात आहे म्हणूनच सांगत होते. मध्येच हलगी..."

"ठाव हाय," बाळू म्हणाला. "हलगीचं त्यांनी मला सांगितलतं. मी इचारलं, कुणी वाजवाय लावली? तर म्हणालं, गर्दीत काय दिसलं न्हाय."

मामा व्यासपीठावर होते. मी त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर उभा होतो.

जीप थांबली. मी उतरलो आणि तिथेच उभा राहिलो. सांगायचं ते जिभेवर होतं. रस्त्यावर माझ्याशिवाय कोणीच नव्हतं. बाळूने गिअर टाकला, मग खिडकीतून अर्धा बाहेर वाकून मागे बघितलं आणि सवयीने ओरडला, "कोण ऱ्हायलं का?"

मी 'जा' म्हणून हात वर केला. जीप निघून गेली.