सायझिंग खात्यात उतरवलेलं वजन

नरसय्याअण्णांनी सायझिंग खात्याचं मागचं दार उघडलं नसतं, तर माझं नाव ट्रायलमधून कटलं असतं आणि मी आज घरच्या मेंढरांमागं फिरत असतो. म्हणून त्यांचं नाव आधी लिहितो. बाकीचं मागाहून.

मी पैलवान. सोलापूरच्या एका मिलमध्ये नोकरीला आहे. हजेरीवर माझं खातं वॉच अँड वॉर्ड, म्हणजे गेटवरचा पहारा. पण मिलनं मला ठेवलंय ते कुस्तीसाठी. गाव सांगोल्याच्या पलीकडं, माणदेशाच्या अंगाला. शाळा चौथीत सुटली, तेव्हा लिहिण्यात काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं. मिलनं काढलं तर या शहरात आपल्याला कुत्रं विचारणार नाही, ही धास्ती मला कायम असते. तेव्हा तर फारच होती.

असिस्टंट मॅनेजरसाहेबांनी एक दिवस ऑफिसात बोलावलं. म्हणाले, "मुंबईला निवडीच्या कुस्त्या आहेत. त्याआधी सोलापुरात ट्रायल. नवीन पद्धत आहे, पैलवानांचं वजन करणार. तुझं नाव मी एकशे पंचेचाळीस रतलांच्या गटात दिलंय. मिलची इज्जत आहे, लक्षात ठेव."

रतल म्हणजे अदमासे अर्धा शेर. एवढं मला कळत होतं. गट म्हणजे काय ते कळलं नव्हतं. पण साहेबांपुढं उभं राहिलं की माझ्या तोंडाला कोरड पडते. मी "जी" म्हणालो आणि बाहेर आलो.

आमच्याकडं कुस्ती ठरते ती नजरेनं. दोन पैलवान शेजारी उभे करतात, जाणते लोक छाती, मान, मांड्या बघतात आणि जोड लावतात. काट्यावर माणूस कधी चढत नाही. काट्यावर कापूस चढतो, गूळ चढतो. शुक्रवार पेठेतल्या तालमीत आमच्या वस्तादांना मी निरोप सांगितला. वस्ताद म्हणजे कुस्तीतले आमचे गुरू. ते खदाखदा हसले.

"वजन करणार हायेत, आन् तू असा चिपाडावानी जाणार व्हय रं? माजी अब्रू घालवतो का काय?"

त्या दिवसापासून माझा खुराक वाढला. दूध, तूप, बदामाची थंडाई, वर मटणाचा रस्सा. वजन त्या आकड्याच्या वर पाहिजे की खाली, हे त्यांनी विचारलं नाही, मीही नाही. आमच्या धंद्यात वजन वाढवायचं असतं. ते कमी असल्याबद्दल कुणी पाठ थोपटेल, हे दोघांच्याही डोक्यात येणं शक्य नव्हतं.

ट्रायलच्या आदल्या सकाळी साहेबांनी मला मिलच्या गोदामात नेलं. सुताच्या गाठी मोजायचा मोठा काटा तिथं होता. वस्ताद फेटा बांधून मुद्दाम आले होते. मी चढलो. काटेवाल्यानं दांडीवरचं वजन सरकवलं, पुन्हा सरकवलं आणि आकडा सांगितला. एकशे पन्नास.

वस्तादांनी मिशीवर हात फिरवला. "बगा साहेब! पाच रतल वरच भरलाय की पोरगा!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "वस्ताद, अहो, एकशे पंचेचाळीसच्या आत पाहिजे! आत! एक रतल जास्त झालं तरी नाव कट."

"म्हंजे? जो हलका त्यो पास?" वस्तादांना खरोखरच कळेना. "मंग दुष्काळातलीच मानसं न्या की मुंबईला. आमी कशाला मेहनत करायची?"

साहेब हसले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "उद्या सकाळी वजन आहे. मी वर शब्द दिलाय. जमलं नाही तर तू आणि तुझी मेंढरं."

जेवण बंद, पाणी बंद. वस्तादांनी फर्मावलं, पळ. मी अंगावर घरून आणलेली काळी घोंगडी गुंडाळली आणि मिलच्या कंपाउंडला फेऱ्या मारायला लागलो. दिवस थंडीचे. वारा कोरडा. घाम फुटायचा आणि जागच्या जागी वाळून जायचा. पाय मात्र जड होत चालले.

दुपारच्या शिफ्टला नरसय्याअण्णा गेटातून आत आले. सायझिंग खात्याचे ते जॉबर, म्हणजे माणसांकडून काम करून घेणारे मुकादम. घरचं बोलणं तेलुगू. भवानी पेठेत मी ज्यांच्या पडवीत पथारी टाकतो, त्यांच्या शेजारी राहतात. गेटवर रोज राम राम व्हायचा, त्यापलीकडं ओळख नव्हती.

"काय रे पैलवान, गेट सोडून पळतोस? चोर पुढं गेला काय?"

मी थांबलो आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना रडू आलं, ते लपवत नाही.

अण्णांनी माझ्या कपाळाला बोट लावून बघितलं. "ह्या हवेत घाम येत नसतो बाबा. घाम आमच्याकडं असतो. मागच्या दारानं ये. खात्याचा मास्तर पुढच्या दाराशी बसतो."

बाहेरच्या माणसाला त्या खात्यात सोडायची मनाई आहे. मास्तरनं बघितलं असतं तर जॉबरकी गेली असती. मला ते माहीत होतं. अण्णांना माझ्याहून जास्त माहीत होतं.

सायझिंग म्हणजे सुताला खळ लावणं. मागावर ताण सोसावा म्हणून ताण्याचं, म्हणजे कापडातलं उभं, सूत शिजवलेल्या खळीतून काढतात आणि वाफेनं तापलेल्या तांब्याच्या ढोलांवरून फिरवून वाळवतात. ढोल माणसापेक्षा उंच. दार उघडलं आणि गरम, आंबूस, चरबट वासाची वाफ तोंडावर आली. मी एक पाऊल मागं सरलो. आत शेकडो धागे एखाद्या पांढऱ्या ओढ्यासारखे सरसर वाहत होते आणि त्या धुक्यात माणसं उघड्या अंगानं, नुसत्या लंगोटावर, पळापळ करत होती. धागा तुटला की एक जण तापलेल्या ढोलाशी वाकून तो जोडायचा. चटका बसेल एवढ्यात हात बाहेर. कुस्तीत झेप घेऊन समोरच्याचा पाय ओढतात, तो पट. एवढ्या चपळाईनं पट काढणारा पैलवान मी आजवर बघितलेला नाही.

"बसायचं नाही," अण्णा म्हणाले. "बसलास तर भोवळ येईल. त्या माणसाबरोबर बीम ढकल."

बीम म्हणजे सूत गुंडाळलेला लोखंडी रूळ. माझ्या जोडीला जो माणूस दिला तो वयानं वस्तादांएवढा, अंगावर मांस नावाला नाही, बरगड्या मोजून घ्याव्यात. मी मनात म्हटलं, ह्याला काय झेपणार. चौथ्या बीमला मी गुडघ्यावर आलो. तो उभाच होता.

"पैलवान, थकलास काय रे? आत्ता तर शिफ्ट सुरू झाली," तो म्हणाला, आणि सगळं खातं हसलं.

घोंगडी भिजून पखालीसारखी झाली. घाम डोळ्यांत, तोंडात, बोटांच्या टोकांवरून खाली. आपल्या अंगात एवढं पाणी असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आणि ही माणसं रोज एवढं पाणी इथं सांडून जातात. मी हजारांनी जोर मारलेला माणूस. पण मेहनत म्हणजे काय ते मला त्या दुपारी दिसलं.

"अण्णा, हे दादा कुठल्या गटात बसतील?" मी धापा टाकत विचारलं.

"आमचं वजन कोण करतो रे बाबा? केलं असतं तर मुंबईला आम्हीच गेलो असतो."

ते बोलत होते, पण नजर माझ्या अंगावर होती. एकाएकी त्यांनी माझा दंड धरला. "घाम थांबला. चल बाहेर."

"अजून थोडा वेळ, अण्णा. एखादा रतल राहिला असंल."

"घाम आटला की माणूस पडतो. माझ्यापुढं पडलेत. नीळ्ळु नाही पाहिजे तर नको पिऊ, पण बाहेर हो!" नीळ्ळु म्हणजे पाणी. रागावले की ते तेलुगूवर येतात.

दाराशी त्यांनी घोंगडी पिळली आणि माझ्याभोवती घट्ट आवळली. "ह्या खात्यातनं निघाल्यावर वारा लागला की छातीत बसतो. कुणाला सांगू नको कुठं होतास." ते स्वतः दारात माझ्याबरोबर उभे होते, त्या वाऱ्यात. खांद्यावर ओला पंचा, दुसरं काही नाही. खोकत होते.

सकाळी ट्रायलच्या मैदानावर काट्यापुढं रांग होती. मी चढलो तेव्हा ओठ चिकटले होते. दांडी हलली, वर टेकली आणि तिथंच राहिली. पंच म्हणाले, "थोडं जास्त आहे."

साहेबांनी तोंड फिरवलं. वस्ताद मात्र पुढं घुसले. "थुक रं! थुक!" तोंडात थुंकी असेल तर थुंकणार. मग त्यांचं लक्ष माझ्या दंडावरच्या चांदीच्या कड्याकडं गेलं. माझ्या वडलांनी, आबांनी घातलेलं, कधी न काढलेलं. कालपर्यंत दंडात रुतलेलं असायचं. आज सहज निघालं. दांडी सुटली, खाली-वर झुलली आणि बरोबर मधे थांबली.

"पास."

मी त्या दांडीकडं बघतच राहिलो. केवढा कापूस आणि केवढं सूत ज्याच्यावर मोजतात, तसल्या काट्यानं माझं अख्खं नशीब एका कड्याएवढं ठरवलं होतं.

पहिली कुस्ती मारली. दुसरीत पाय उचलेनात. पंचांनी समोरच्याचा हात वर केला. मुंबईला तो गेला. साहेब म्हणाले, "पुढच्या वेळी खुराकाचं आधी मला विचारा." नोकरी राहिली. वस्ताद अजून म्हणतात की ही पद्धत टिकणार नाही. पण आता कुणी नवं पोरगं वजनाचं बोललं की पहिल्यांदा विचारतात, "आत का बाहेर?" काट्यावर चढायच्या आधी एवढं विचारून घ्यावं, एवढंच मी या अनुभवातून शिकलो असं सांगू शकतो.

नरसय्याअण्णांना मी नंतर काय देऊ म्हणून विचारलं. ते म्हणाले, "कुस्ती बघायला बोलाव कधीतरी. पण शिफ्ट नसेल तेव्हा." अजून तशी वेळ जमलेली नाही. त्यांचा खोकला ऐकू येतो, भिंतीपलीकडून. मी आबांना निरोप धाडला आहे की औंदाच्या कातरणीची काळी लोकर बाजारात नेऊ नका. तिची एक घोंगडी विणून घेणार, जाड, दोन्ही खांद्यांवरून खाली येईल अशी. ती घेऊन शिफ्ट सुटताना त्या मागच्या दाराशी मी उभा राहीन आणि अण्णा बाहेर पडले की वारा लागायच्या आत त्यांच्या अंगावर घालीन.