बाईंनी पाहिलेला किनारा

माझ्या मित्राच्या सासूबाईंइतका दगडांवर जीव असलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि दगडांच्या मानानं माणसांना इतकी कमी किंमत देणाराही पाहिलेला नाही. साताऱ्याच्या एका शाळेत त्यांनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. अर्धा सातारा त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतो. दर उन्हाळ्यात तीन महिने त्या लेकीकडे, म्हणजे वृंदाकडे, नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी येऊन राहायच्या. मित्राचं घर आमच्या घराला लागूनच, मधे फक्त लाकडी कुंपण. त्यामुळे आम्हीही त्यांना बाईच म्हणू लागलो आणि हळूहळू त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभे राहू लागलो. आइंडहोव्हनला चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करणारा मी चाळिशीचा बाप्या, पण बाईंनी कुंपणावरून हाक मारली की गृहपाठ राहिलेल्या पोरासारखा शर्ट खोचत बाहेर यायचो.

आल्याबरोबर पहिल्या आठवड्यात त्या नेदरलँड्सची खरडपट्टी काढायच्या. “अहो, हा देश आहे की गादी? सकाळपासून चालतेय, पायाला एक खडा लागेल तर शपथ!” मित्रानं एकदा हौसेनं दीड तास गाडी हाकून त्यांना इथला सर्वांत उंच डोंगर दाखवायला नेलं. माथ्यावर गाडीतून उतरून बाईंनी चारी दिशांना पाहिलं आणि विचारलं, “डोंगर कुठं आहे?” आपण त्याच्यावरच उभे आहोत असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “याला आमच्याकडे चढ म्हणतात. याच्यावरून रिक्षा जाते.”

त्यांच्या पर्समध्ये कायम एक लिंबू असायचं. दगडावर थेंबभर रस पिळायचा, बारीक फेस आला की चुनखडी, नाही आला तर दुसरं काहीतरी. ही त्यांची एकतीस वर्षांची प्रयोगशाळा. न्यूनेनमधली एकही पायरी, एकही उंबरा या परीक्षेतून सुटला नाही. समोरच्या डच आजोबांनी एकदा खिडकीतून पाहिलं, तर नऊवारीतली एक बाई त्यांच्या दाराशी बसून लिंबू पिळतेय. ते मुकाट्यानं रस्ता ओलांडून माझ्याकडे आले आणि अदबीनं विचारते झाले, हा काही धार्मिक विधी आहे का? खरं सांगत बसायला माझं डच पुरणार नव्हतं, म्हणून मी हो म्हणालो. तेव्हापासून आजोबा बाईंना दुरूनच वाकून नमस्कार करायचे आणि बाईही मान डोलवून तो स्वीकारायच्या.

बोलताना बाई मान किंचित वळवून आपल्याकडे तिरकं बघायच्या. मला वाटायचं, आपलं पाणी जोखलं आहे यांनी. दोन वर्षं मी त्या नजरेला घाबरलो. मग एके दिवशी वाटाणे सोलता सोलता त्यांनीच सांगितलं, पेपरातली बातमी सांगावी तसं. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग सुकत चालला होता. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. वेळ किती? वर्ष, फार तर दीड वर्ष. “समोर बघितलं की तुमच्या तोंडावर डाग येतो हो, म्हणून तिरकं बघते. तुमचं काही बिघडत नाही ना?” मी मान खाली घालून वाटाणे सोलत राहिलो. माझीच मला लाज वाटली.

डोळे आहेत तोवर त्यांना एकच गोष्ट बघायची होती. पॅरिस नको, ट्यूलिप तर त्यांच्या मते कांद्याचे लाड. त्यांच्या शाळेच्या ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याचं एक काळंपांढरं चित्र होतं. लाव्हा थंड होताना तडकून झालेले हजारो षट्कोनी खांब, समुद्रात उतरत गेलेले, आणि उंचीचा अंदाज यावा म्हणून मधे उभा केलेला एक टोपीवाला माणूस. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड आणि तो दगड एकाच जातीचा, हे बाईंनी त्या एका चित्रावर साताऱ्याच्या दोन पिढ्यांना शिकवलं. “स्वतः न पाहता शिकवलं हो मी,” त्या म्हणाल्या. “मुलं विचारायची, बाई, खरंच असं असतं? मी म्हणायची, असतं. एकदा बघून यायला हवं, नाहीतर मी त्यांना नुसतं वाचून दाखवलं असंच होईल.”

विमानानं दोन तासांत जाता आलं असतं. पण बाईंच्या मते किनारा समुद्राकडूनच गाठायचा असतो. जमिनीवरून आलं तर दिसते ती नुसती कड. शिवाय गुडघे, विमानाच्या खुर्चीत आखडणारे. मग ॲमस्टरडॅमहून निघून आयर्लंडची बंदरं करत परत येणारी क्रूझ ठरली. मित्र, वृंदा, बाई, मी आणि माझी बायको. व्हिसाच्या अर्जात ‘प्रवासाचा हेतू’ या रकान्यात बाईंनी स्वतःच्या अक्षरात ‘दगड पाहणे’ असं लिहिलं. वृंदानं तो फाडून नवा भरला. तरी आयर्लंड आणि ब्रिटन अशा दोन देशांच्या कागदांत आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत बाई कुंपणापाशी किंवा पुढे साताऱ्याहून फोनवर कधी डोळ्यांविषयी बोलल्या नाहीत आणि आम्हीही बावळटासारखे, बरं चाललंय असं समजून बसलो.

बोटीवर बंदर आलं की काय होतं, हे न गेलेल्यांसाठी सांगतो. सकाळी सगळ्यांना नाटकाच्या सभागृहात जमवतात, छातीवर बसचा नंबर असलेला स्टिकर चिकटवतात आणि हातात नंबराची पाटी धरलेल्या गाइडच्या मागून किनाऱ्यावर सोडतात. संध्याकाळी ठरल्या वेळेला परत. बाईंनी पहिल्याच दिवशी, कॉर्कच्या बंदरात, हे शाळेच्या सहलीचं प्रकरण आहे हे ओळखलं आणि ताबा घेतला. “जोड्या लावा!” त्या मराठीत कडाडल्या. आणि काय सांगू, सहा सहा फुटांच्या डच आजी-आजोबांनी निमूट जोड्या लावल्या. बसमध्ये चढताना बाई प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजत होत्या. गाइड बिचारी तिसाव्या माणसानंतर स्वतःच रांगेत उभी राहिली. तिथल्या किल्ल्यात एका दगडाचा मुका घेतला की माणूस बोलका होतो म्हणतात, म्हणून ही मोठी रांग. बाई म्हणाल्या, “मुका काय घेता? आधी त्याची जात विचारा!” आणि पर्समधून लिंबू काढलं. रखवालदारानं ते जप्त केलं. मी पोट धरून हसलो, आणि बाई खांद्याला हात लावून माणसं का मोजत होत्या हा विचार माझ्या मनातसुद्धा आला नाही.

खांबांचा दिवस बेलफास्टला आला. आभाळ लख्ख, वारा बेताचा. बसमध्ये बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. उत्तरेला किनाऱ्यावर पोहोचल्यावर गाइडनं सांगितलं, सव्वा तास. उतारावरून वृंदानं त्यांचा हात धरला, बाईंनीही धरू दिला. एरवी असा हात त्यांनी झिडकारला असता. आणि मग ते खांब. मी फोन काढला. खरोखर कुणीतरी बसून घडवावेत असे खांब, शेकड्यांनी, त्यांच्यावर लाटा फुटतायत, आणि मी आपला या कोनातून, त्या कोनातून, आडवा, उभा, बायकोसकट, बायकोशिवाय. बाई एका खांबावर उभ्या राहिल्या. वृंदानं विचारलं, “आई, दिसतंय ना?”

“न दिसायला काय झालं?” बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. आणि त्यांनी शिकवायला सुरुवात केली. लाव्हा कसा निवतो, भेगा सहा बाजूंनी का पडतात. आजूबाजूचे चार परदेशीही थबकून ऐकू लागले. वृंदा रडत होती, हसत होती. शेवटी बाईंनी समोर बोट केलं. “आणि तो टोपीवाला माणूस उभा आहे ना, त्याच्यावरून उंचीचा अंदाज घ्या.”

समोर कुणीही नव्हतं. टोपीवालाही नाही, बिनटोपीवालाही नाही. नुसते खांब आणि पाणी. वृंदा डोळे पुसत होती, तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. बाई पुस्तकातलं चित्र सांगत होत्या. मी फोन खिशात टाकला आणि काही बोललो नाही. माझ्यासारख्या बडबड्याला एवढी समज त्या क्षणी कुठून आली, देव जाणे.

परतीच्या बसमध्ये त्या मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसल्या. वृंदा पुढे डोळे मिटून होती. बाई हळू आवाजात म्हणाल्या, “मधे सगळा डागच आहे हो, फेब्रुवारीपासून. कडेनं काळं काहीतरी दिसलं. तुम्हाला कळलं ना?”

“कळलं.”

“वृंदाला सांगू नका. सहल रद्द करेल म्हणून बोलले नव्हते, आता तिचा आनंद तरी कशाला रद्द करायचा?” थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “बरं, तुम्ही सांगा. कसं होतं? खांबांची वरची तोंडं सपाट होती की खोलगट? पाच कोनांचे दिसले का?”

मला काहीही सांगता येईना. साठ-सत्तर फोटो होते माझ्याकडे. पण पाहिलं असं मी काहीच नव्हतं. फोन चाळायला लागलो, तर प्रत्येक फोटोत आमचेच दात.

“राहू दे,” बाई म्हणाल्या. “म्हणजे आपण दोघांनीही पाहिलं नाही.” त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसाइतकं शरमिंदं मला कधीच वाटलेलं नाही.

त्यानंतर बाई न्यूनेनला आल्या नाहीत. एकटीनं विमानतळ ओलांडणं जमेना, आणि साताऱ्याच्या घरात निदान पावलांना तरी वाट पाठ आहे, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या मे महिन्यात मी ऑफिसात तीन दिवसांची रजा टाकली आणि बायकोला खरं ते सांगून निघालो. या वेळी एकटा, विमानानं. त्याच खांबांवर जाऊन साताऱ्याला फोन लावला, फोन कानाला धरला आणि डोळे मोकळे ठेवले.

“बाई, मी किनाऱ्यावर आहे. विचारा.”

पलीकडे बाईंनी घसा खाकरला आणि परीक्षा सुरू झाली. वरची तोंडं? मी वाकून हात फिरवला. हा खोलगट आहे बाई, यात पाणी साचलंय. शेजारचा फुगीर. कोन? मी एकेक मोजत गेलो. सहा, सहा, पाच, सहा, सात. “सात? पुन्हा मोजा.” पुन्हा मोजले, सातच. आडव्या भेगा? आहेत, पोळ्यांची चवड रचावी तशा. रंग? वर करडा, पाण्याशी काळाकुळकुळीत, आपल्या घाटातल्या ओल्या कातळासारखा अगदी. “अगदी?” अगदी, बाई. तुम्ही मुलांना सांगितलंत तसंच आहे सगळं.

चाळीस मिनिटं मी उभ्याउभ्या उत्तरं देत होतो. वाऱ्यानं कान बधिर झाले होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, सगळंच काही वाऱ्यामुळे नाही. इतक्या वर्षांत बाई मला ‘अहो’खेरीज कधी बोलल्या नव्हत्या. शेवटी त्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि वर्गातल्या पोराला म्हणावं तसं म्हणाल्या,

“बरोबर. बस खाली.”

मी खाली बसलो.